रेड्याला मोजून, मला भरभरून

बाबा, परवा तुमचा नातू रक्त तपासून आला. चाळिशीच्या आत पोट सुटलंय, दिवसभर पेंगतो, म्हणून डॉक्टरांनी पाठवलं होतं. जेवताना त्याने कागद सरळ बायकोपुढे धरला. "टेस्टोस्टेरॉन कमी आलंय. पुरुषाचं हार्मोन. चरबी वाढली की ते उतरतं म्हणे. उद्यापासून भात कमी वाढ." माझी सून हसली, तिने उद्याची वाटही पाहिली नाही, ताटातला निम्मा भात काढून घेतला. झालं, विषय संपला. माझा घास मात्र तोंडातच राहिला. मला तुम्ही आठवलात आणि आपलं कडावचं अंगण.

अंगणात तुमचा रेडा उभा आहे. चार गावांतले लोक त्याच्याकडे म्हशी घेऊन येतात आणि तुमचा रुबाब पाटलाहून जास्त. पण त्याची पेंड तुम्ही मापून घालता, रोज सकाळी त्याला नदीपर्यंत चालवता. कुणी कौतुकाने दोन मुठी जास्त टाकल्या की खवळता. "अंगानं सुटला का म्हशीकडं बघत नाय तो. निस्ता बसून राहतो." आणि हेच तुम्ही माझ्या ताटात भाताचा डोंगर करायचात, वर तूप, वर साय. आई लवकर गेली, त्याची भरपाई असावी. "खा रं, मरदावानी दिसला पायजे." मी खायचो आणि दिवसभर भिसेगावात कापडाच्या दुकानात गादीवर बसायचो. लग्नातला कोट दुसऱ्या दिवाळीला बंद होईना, तर तुम्ही तो सगळ्यांना अभिमानाने दाखवलात.

लग्नाला पाच वर्षं झाली, घरात मूल नाही. मग आत्या आली. ओसरीवर बसून तिने सांगून टाकलं, "पोरीला खालापूरला माहेरी धाडा नि याला दुसरी बघा. मी बघून ठेवलीय." आत भाकरी थापल्याचा आवाज थांबला. मी जमिनीकडे बघत बसलो. तुम्ही तंबाखू मळत होतात, ती तशीच हातात राहिली.

"आक्का, म्हस फळली नाय तर मी आदी म्हस इकतो, का रेडा बघतो?"

"अरे, माणसाचं काय बोलतोस तू!"

"माणसाचंच बोलतोय. ह्याच्याकडं बघ. मीच चारून चारून असा केलाय. माज्या रेड्याला हे पोट सुटू दिलं नसतं मी. सून कुटं जायची नाय."

बाबा, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी उजाडताच तुम्ही रेड्याचा कासरा माझ्या हातात दिलात. नदीपर्यंत जाताना रेड्यापेक्षा मीच जास्त धापा टाकल्या आणि तुम्ही मागून पोट धरून हसलात. ताटात भात घालताना मात्र तुम्ही माझ्याकडे बघत नसायचात. मूठभर वाढून भांडं पटकन उचलायचात. तुमच्या जिवाला ते किती लागायचं ते मला दिसायचं. दीड वर्षात कोट बंद झाला, त्याच्या पुढच्या वर्षी नातू झाला. गावभर सांगत फिरलात, "डाक्टरला नाय कळलं, ते मला कळलं." मी तुमचं ऐकून हसायचो. तुमच्याइतका जीव मला कुणी लावला नाही.

डॉक्टरला कळलं होतं, बाबा. आत्या यायच्या चार महिने आधीच कर्जतच्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना तपासलं होतं. मग मला एकट्याला आत बोलावून म्हणाले, बायकोत काही दोष नाही, तुमचं वजन उतरवा, त्यानेच अडलंय. बाहेर बाकावर ती पदराचं टोक मुठीत धरून बसली होती. मी तिला म्हणालो, "वाट बघा म्हणतात." नंतरचे चार महिने ती माझ्यासमोर उपास करत राहिली. त्या दिवशी तुम्ही बोलला नसतात, तर मी मान खाली घालून आत्याला हो म्हटलं असतं. भित्रा होतो मी.

आत्ता ती शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालते आहे. एवढा वेळ काय लिहिताय, म्हणून दोनदा विचारून गेली. मी म्हटलं, वीज मंडळाला अर्ज लिहितोय.