काचकाम परत घ्या, आठवणी देणार नाही

प्रति,
मा. स्मृती-हस्तांतरण अधिकारी,
कामगार भवन, दुसरा मजला.

विषय : मृत कारागीर बाईंच्या खासगी आठवणी पुसून घेण्यास नकार.
संदर्भ : आपली दुसरी नोटीस.

महोदय,

१. मी काच कारखान्यात पॅकिंगला होते. फुंकणीवर, म्हणजे नळीने काच फुगवण्याचे, काम करणाऱ्या बाई अपघातानंतर इस्पितळात वारल्या. त्यांचे कसब वाया जाऊ नये म्हणून तिथे उतरवून घेतलेल्या त्यांच्या स्मृती, माझ्या संमतीने, माझ्यात घालण्यात आल्या आणि मला फुंकणी विभागात घेतले.

२. कसबाबरोबर त्यांची आईही आली, त्याला मी काय करणार? तिचा खोकला आला, आणि शेवटच्या सकाळचे भांडणही. आई ओरडली होती, "परत तोंड दाखवू नकोस!" बाई दार आपटून निघाल्या आणि पुढच्या चौकात ट्रकखाली आल्या.

३. म्हणून मी त्या घरी गेले. दार बाईंच्या आईने, म्हणजे आजींनी, उघडले आणि विचारले, "कोण गं तू?" मी म्हणाले, "मी तुमची मुलगी नाही. पण कोपऱ्यापर्यंत जाताजाताच तिचा राग गेला होता. संध्याकाळी तुमच्यासाठी लोकरीचे मोजे आणणार होती ती. एवढंच सांगायला आले." आजी उंबऱ्यातच बसल्या. मग सरकून वाट देत म्हणाल्या, "आत ये." तेव्हापासून मी दर रविवारी जाते.

४. आपण मला समोर बसवून म्हणालात, "बाई, तुम्ही स्वतःला दुसरंच कोणी समजायला लागलात." साफ चूक. माझी आई वेगळी, लहानपण वेगळे, आणि हा तिरसट स्वभाव तर अस्सल माझाच. आजीसुद्धा मला "पॅकिंगवाली" म्हणतात आणि चहा पाणचट झाला की चारचौघांत बोलतात.

५. खासगी आठवणी पुसून घ्या, नाहीतर कसब काढून घेऊ, असा आपला आदेश आहे. घ्या काढून. तापलेली काच फुंकणीच्या टोकाला फुगू लागते, तेव्हा माझ्या जिवाला जे होते, ते आपणास कळवून उपयोग नाही. ते गेल्यावर मी रडेन. रडून झाले की खोकी भरायला लागेन. पण लेकीचा राग गेला होता हे जाणणारी एकटी मी; ते पुसून त्या माउलीला पुन्हा त्या सकाळवर नेऊन सोडणार नाही.

६. सोमवारी हजर राहते. आजी सोबत येणार आहेत. ऐकायला तयार नाहीत. सोबत येणाऱ्याचे माझ्याशी नाते नोंदवताना आपल्या शिपायाने मला काही विचारू नये. त्यांनाच विचारावे, आणि त्या सांगतील ते लिहावे.

आपली विश्वासू, परंतु ठाम,
(सही)
कामगार, पॅकिंग विभाग

दिनांक : नोटिशीच्या मुदतीत
सोबत : फुंकणी विभागाचे ओळखपत्र, परत.