काचेपलीकडचा वर्ग

प्रिय टेसा,

तू बेमिजीला आईकडे पोचलीस हे वेंडेलकडून कळलं. तू मला फोन केला नाहीस, मीही केला नाही. आईची कंबर कशी आहे? इकडे तळं काठाकाठानं गोठलंय. आमच्या ग्लेननं गोठलेल्या तळ्यावर बसून मासे धरायची त्याची लाकडी खोपटी गॅरेजमधून बाहेर काढली आहे आणि तिला रंग देत बसलाय. गेल्या वर्षीही दिला होता. धुळीचा कणही न चालणाऱ्या आपल्या क्लीनरूममधला तिसरा पंप पुन्हा कुरकुरायला लागलाय. तू त्याला नुसतं थोपटून गप्प करायचीस, मी पाना घेऊन तासभर बसले तरी तो ऐकत नाही. पंपाचंसुद्धा तुझ्याशीच जमतं.

हे शेवटचं वाक्य मला लिहायचं नव्हतं. पण हे पत्र खाडाखोड न करता लिहायचं ठरवलंय, तेव्हा राहू दे.

तू पहिल्यांदा आलीस तो दिवस आठवतो? कॉलेजातून नुकती सुटलेली, पापण्यांना मस्करा लावलेला, आणि मी तुला दारातूनच तोंड धुऊन यायला पाठवलं होतं. सगळ्यांनाच पाठवायचे. आधी टोपडं, मग सूट, मग बूट, आणि सूट चढवताना बाही जमिनीला लागली की सगळं उतरवून पुन्हा पहिल्यापासून. तुला मी सात वेळा उतरवायला लावलं. सातव्या वेळी तू म्हणालीस, "मार्लिस, माझ्या बाप्तिस्म्यालाही मला एवढं कुणी नटवलं नव्हतं." मी हसले नाही. नंतर लॉकरचं दार उघडून त्याच्या आड हसले. मग मला येत होतं ते सगळं तुला दिलं. कुठल्या भट्टीचं दार उजव्या खांद्यानं रेटावं लागतं, हवेचा झोत अडेल असं हात पुढे करून कधी उभं राहायचं नाही, ॲसिडच्या ओट्यापाशी एकटं कधी जायचं नाही. नाताळात तू आमच्याकडे जेवायला यायचीस, ग्लेन तुझ्यासाठी मुद्दाम जंगली तांदळाचं सूप करायचा. आम्हाला मूल नाही. त्यावर तू कधी विचारलं नाहीस, मी कधी बोलले नाही, आणि तरी तुझ्या ताटाशेजारचा कापडी हातरुमाल मी तिकोनी घडी घालून ठेवायचे. ग्लेनच्या ताटाशेजारी कागदी असायचा.

मग दीड वर्षापूर्वी वेंडेलनं, साहेब म्हणून, मला त्याच्या खोलीत बोलावलं. मला वाटलं, बावीस वर्षं झाली म्हणून काहीतरी कौतुक असेल. तो म्हणाला, "मार्लिस, बावीस वर्षं उभं राहून शिकवलंस, आता जरा बस. सामान मागवायचं, दर सोमवारी ॲसिडच्या ओट्यावरचे हातमोजे, ॲप्रन, चेहऱ्याची ढाल तपासायची. तुझ्याइतकं नेटकं कुणाला जमणार? नव्या मुलांचा वर्ग टेसा घेईल." मी म्हणाले, "बरं." आमच्या मिनेसोटात 'बरं' म्हटलं की त्यात शिवीसुद्धा मावते, हे वेंडेलला कळायला हवं होतं, पण तो मूळचा अ‍ॅरिझोनाचा.

तू त्या दिवशी माझ्याकडे आलीस. "तुला चालणार असेल तरच मी हो म्हणते," असं म्हणालीस. मी तुला मिठी मारली. ती मिठी खोटी नव्हती, पण पुरती खरीही नव्हती.

सामानाच्या खोलीला वर्गाच्या बाजूनं ती लांब काच आहे. पूर्वी मी आतून शिकवायचे तेव्हा काचेपलीकडे कोण उभं आहे हे मी कधी पाहिलंही नाही. आता मी पलीकडे होते. टोपडी घातलेली सहा-सात मुलं आणि त्यांच्यामध्ये तू. आवाज ऐकू यायचा नाही, पण खांदे हलताना दिसायचे. मुलं हसत होती. माझ्या वर्गात बावीस वर्षांत कुणाचे खांदे हलले नव्हते. बाहेरच्या खोलीत तू त्यांच्यासाठी डोनट ठेवायचीस आणि मी खोका उचलून म्हणायचे, साखरेचे कण आत जातील. तू म्हणायचीस, "हात धुतात गं ते, मी बघते ना." आणि खरंच बघायचीस. आतल्या हवेतल्या कणांची मोजणी मी रोज पाहायचे, एकदा तरी आकडा वर जावा म्हणून. तो माझ्या वेळेपेक्षा खालीच असायचा.

सत्र संपल्यावर मुलांनी तुला विणलेली टोपी दिली. मला बावीस वर्षांत एकदा केक मिळाला होता, तोही वेंडेलच्या वाढदिवसाचा उरलेला. एकदा कॉफीच्या यंत्रापाशी एक मुलगा दुसऱ्याला सांगत होता, "बरं झालं आपण आत्ता आलो. आधी इथे एक म्हातारी होती म्हणे, तिच्या भीतीनं लोक चिपसाठीची काचेसारखी चकती फुटली तरी खिशात घालून बाहेर न्यायचे." मी त्याच्या मागेच उभी होते. कॉफी न घेता परत गेले. घरी गेल्यावर ग्लेन म्हणाला, "तू हल्ली देवापेक्षा टेसाचं नाव जास्त घेतेस." मी म्हणाले, "कामाचं बोलतेय." तो म्हणाला, "काम एवढं दात-ओठ खात बोलतात का?"

मी तुझ्या चुका शोधत होते, टेसा. तू वर्गाच्या सुरुवातीला सांगायचीस, "चूक झाली तर लगेच मला सांगा, मी ओरडणार नाही. काही झालंय असं नुसतं वाटलं तरी सांगा." मला ते लाडावणं वाटायचं. मी मनात म्हणायचे, अशानं एक दिवस कुणाला तरी इजा होईल, मग कळेल. हे वाक्य मी इतक्या वेळा मनात म्हटलं की ते कुठल्या दिवशी भाकितातून इच्छेत गेलं, मला सांगता येणार नाही.

त्या मंगळवारचं तुला मी काय सांगू. हिबो वॉरसामे ही तुझ्या वर्गातली सगळ्यात बुजरी मुलगी. ओट्यावर एचएफ होतं, काच खाणारं ते ॲसिड, पाण्यात पातळ केलेलं. काम करता करता तिला डाव्या मोज्यात अंगठ्याशी ओल लागल्यासारखं वाटलं. दुखत नव्हतं. तिनं हात वर केला आणि तुला सांगितलं. तू तिचे मोजे काढलेस, आतले पातळ मोजेही कापून काढलेस, हात नळाखाली धरलास, कॅल्शियमचं मलम चोळत रुग्णवाहिकेत तिच्याबरोबर गेलीस. तिचा अंगठा वाचला. नख गेलं, टोकाला अजून बधिरपणा आहे. मोज्याच्या बेचक्यात केसासारखी चीर निघाली, मूठ वळली तरच दिसणारी. चौकशी समितीनं विचारलं, प्रत्येकाचे मोजे तू स्वतः पाहिलेस का? तू म्हणालीस, मोजे हवा भरून कसे तपासायचे ते सगळ्यांकडून करून घेतलं, पण हिबोचे माझ्या डोळ्यांनी पाहिले नाहीत, चूक माझी. असं कोण म्हणतं, टेसा? वकील असता तर त्यानं तुझं तोंड दाबलं असतं.

वेंडेलनं वर्ग पुन्हा मला दिला. मला जे हवं होतं ते दोन आठवड्यांत माझ्या हातात आलं. मागच्या गुरुवारी मी आत उभी राहिले, समोर सहा टोपडी, सगळं गप्प. कुणी प्रश्न विचारला नाही. एका मुलीची बाही जमिनीला लागली, तिनं माझ्याकडे चोरून पाहिलं आणि ती पटकन वर ओढली. मी पाहिलं हे तिला कळलं नाही. मी काही बोलले नाही, आणि का बोलले नाही तेही मला कळलं नाही.

वर्ग संपल्यावर बाहेर हिबो बसली होती. हाताला पट्टी, मांडीवर डबा. तिच्या आईनं संबुसे, त्यांच्याकडचे सामोसे, पाठवले होते, तुझ्यासाठी. तू नाहीस हे तिला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, टेसा रजेवर आहे. तिनं विचारलं, "माझ्यामुळे?" मी म्हटलं, "नाही." मग ती म्हणाली, "मार्लिसबाई, राग मानू नका. मोज्यात ओल वाटली तेव्हा मला आधी वाटलं घाम असेल, उगाच सांगितलं तर सगळे हसतील. पण टेसा म्हणाली होती, नुसतं वाटलं तरी सांग. म्हणून सांगितलं. डॉक्टर म्हणाले, दोन तास गेले असते तर ते हाडात उतरलं असतं." मी विचारलं, "आणि मी शिकवत असते तर?" मला वाटतं मला खोटं उत्तर हवं होतं. तिनं डब्याच्या झाकणाकडे पाहिलं. "तर मी घरी जाऊन हात धुतला असता," ती म्हणाली. डबा तिनं माझ्याकडेच दिला. मी तो गाडीत ठेवला आणि गाडीत बसून राहिले. खाववले नाहीत.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. ती चीर मी सोमवारी पाहिली होती. चौथ्या जोडीचा डावा मोजा. मी मूठ वळून पाहिली, चीर दिसली. असा मोजा कात्रीनं कापून टाकायचा, हा नियम मीच बावीस वर्षं शिकवला. कात्री माझ्या खिशात होती. मी मोजा परत खुंटीला लावला आणि तपासणीच्या कागदावर 'सर्व ठीक' लिहून सही केली. मनात म्हटलं, एवढी हुशार आहे ना, मग तिचं तिला सापडू दे. मुलांसमोर मोजा सदोष निघाला तर तुझा थोडा पचका होईल, एवढंच. वर्गाच्या पहिल्या दिवशी आपण ॲसिडऐवजी पाणीच वापरतो, असंही मी स्वतःला सांगितलं. पण मंगळवारी मी काचेपाशी उभी होते. फळ्यावर तुझ्या अक्षरात 'दुसरा दिवस' लिहिलेलं मला वाचता येत होतं, म्हणजे खऱ्या ॲसिडचा दिवस. हिबो शेवटची होती, तिनं चौथी जोडी उचलली, घाईघाईत हवा भरल्यासारखं केलं आणि हात घातले. तू दुसऱ्या मुलाच्या ढालीचा पट्टा आवळत होतीस. दार माझ्यापासून सात पावलांवर होतं, आणि काचेवर नुसतं बोट वाजवलं असतं तरी तू वर पाहिलं असतंस. मी वाजवलं नाही. तिनं हात वर केला तेव्हा माझ्या मनात सगळ्यात आधी जे आलं तेही लिहिते: आता बघू. आज दुपारी हे सगळं लिहून मी वेंडेलच्या हातात दिलं, सहीनिशी. तो वाचून बराच वेळ चष्मा पुसत राहिला, मग म्हणाला, "हे टेसाला कोण सांगणार, तू की मी?" मी म्हटलं, मी. म्हणून हे पत्र. समितीनं पाठवलेला कागद तुला मिळाला असेल, ज्यात दोष तुझा आहे असं लिहिलंय आणि खाली सहीची जागा आहे. त्यावर सही करू नकोस. मला माफ कर असं मी म्हणत नाही, कारण माझा मत्सर गेलेला नाही. आत्ता हे लिहितानाही मला वाटतंय की तू हे वाचून रडशील आणि मला फोन करशील, आणि चांगुलपणातही तू माझ्यापुढे जाशील. मला आता तिथे ठेवणार नाहीत आणि ठेवूही नये. सोमवारचा वर्ग मी वेंडेलला पुढे ढकलायला सांगितलाय. सहा मुलं थांबली आहेत, आणि ती माझ्यासाठी थांबलेली नाहीत.

अजून तू म्हणू देशील तर तुझीच,
मार्लिस