बाबांना चुकून गेलेलं अभिनंदन

तीर्थरूप आत्यास,

वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा अर्धाच वाकलोय, उरलेला मनातून.) तुझे गुडघे कसे आहेत? जिना उतरता येतो ना? इकडे सगळे ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. ठीक कोणीच नाही, आणि त्यात निम्मा पराक्रम माझा आहे.

तुला माहीतच आहे, मी लोकांच्या वेबसाइट सांभाळतो. त्यातल्या दोन एकाच सर्व्हरवर आहेत, एक लग्नाच्या हॉलची आणि एक रक्तापासून सोनोग्राफी-बायोप्सीपर्यंत सगळं तपासणाऱ्या लॅबची. वेबसाइटवरून लोकांना आपोआप जाणाऱ्या ई-मेलच्या पत्रात वर काय छापायचं, खाली काय, हे प्रत्येकीचं वेगळं ठरवून द्यावं लागतं. हॉलमालकानं वर 'अभिनंदन! आपली तारीख पक्की झाली आहे' असं घालून घेतलं. लॅबचे डॉक्टर मोजकं बोलणारे (शेजारी गेला तरी नुसतं 'बरं' म्हणतील), ते म्हणाले, वर काही नको, नुसता रिपोर्ट जाऊ द्या. मी ती जागा रिकामी सोडली आणि तिथंच माती खाल्ली. जागा रिकामी ठेवायची आहे हेही सर्व्हरला बजावून सांगावं लागतं. नाहीतर तो आधीच्या वेबसाइटचा मजकूर तसाच पुढच्या वेबसाइटला चिकटवतो, न धुतलेल्या चमच्यानं चहा ढवळावा तसा. मग काय, मुतखड्याच्या एका गृहस्थांना त्यांची तारीख पक्की झाल्याचं कळलं. उलट बाजूनं, हॉलच्या पत्राची खालची जागा रिकामी होती, तिथं लॅबची तळटीप घुसली, आणि एका नवरीकडच्या मंडळींना लग्नाला 'उपाशीपोटी, दागिने काढून' यायची सूचना गेली. (त्यांनी ती तशीच नवऱ्याकडे धाडली. नवऱ्याकडचे अजून त्यांच्याशी बोलत नाहीत.) हॉलमालकानं माझी यथेच्छ खरडपट्टी काढली. इथवर मलाही हसू येत होतं.

पण सोमवारी ज्यांना अभिनंदन गेलं, त्यांत आपले बाबा होते. पोटातल्या गाठीचा रिपोर्ट. (ती लॅब मीच सुचवली, आपलीच वेबसाइट म्हणून.) तेव्हापासून स्वारी खुशीत आहे. सायकलला तेल घातलं, कोपऱ्यावरच्या शिंप्याला 'डॉक्टरांनी लेखी अभिनंदन केलंय' म्हणून सांगून आले, आणि मला रोज विचारतात, कामावर काही त्रास नाही ना? गुरुवारी चुकलेल्या पत्रांची यादी तपासताना मी ऑफिसात त्यांचा रिपोर्ट उघडला. वाचून विश्वास बसेना म्हणून डॉक्टरांना फोन केला. ते मोजकंच बोलले, "गाठ वाईट आहे. उशीर करू नका." तेव्हापासून मी रोज सांगायला म्हणून बाबांच्या खोलीत जातो आणि पंखा कमी-जास्त करून परत येतो. आत्या, मला फार भीती वाटते गं.

तब्येतीला जप.

तुझा नालायक भाचा

ता. क. गुडघ्यांची चौकशी उगाच केली नव्हती. तुला प्रवास झेपेल का, ते बघत होतो. बाबा आयुष्यात फक्त तुला घाबरले. तू येऊन त्यांना सांग. माझ्याच्यानं होत नाही.

आणखी ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी सर्व्हरची नोंद पाहिली. कुठला रिपोर्ट कधी आणि कुठून उघडला, ते त्यात असतं. बाबांचा रिपोर्ट सोमवारी सकाळीच उघडलाय, आमच्या घरातून, तीन वेळा. (घरी आम्ही दोघंच, आणि मी तेव्हा ऑफिसात होतो.) म्हणजे त्यांना तेव्हाच सगळं कळलंय, आणि ती सायकल, तो शिंपी, सगळं माझी चूक झाकायला चाललंय. तेव्हा सांगायला येऊ नकोस. नुसती ये.