दादाने लावून दिलेला हर्निया

तीर्थस्वरूप दादास,

उभ्याउभ्याच नमस्कार. साष्टांग घालायची अजून भीती वाटते. वहिनी आणि मुलं मजेत असतील. तुझी तब्येत कशी आहे? (रीत म्हणून विचारत नाही.) माझी तब्येत बरी आहे, डोकं मात्र फिरलेलं आहे.

धाकट्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, असं साऱ्या नात्यात सांगून तू मोकळा झालास. अरे, माझ्या डाव्या अंडकोषात कर्करोगाची गाठ होती. डॉक्टरांनी जांघेत चीर देऊन तो अंडकोषच काढला, आणि हे तुला सगळ्यांच्या आधी कळवलं होतं. आजार माझा आणि लाज तुला! चीर नेमकी जांघेत, त्यामुळे तुझी थाप बेमालूम खपली. परवा काका आले (त्यांचा हर्निया खरा) आणि चहा यायच्या आत पायजम्याची नाडी सोडून "माझे अकरा टाके, तुझे किती?" म्हणून बसले. आत्याने पोटाचा पट्टा पाठवलाय. मी लिफ्टची देखभाल करणारा माणूस, पण कामावर मला कुणी पान्हासुद्धा उचलू देत नाही. हर्नियाला दर दोन महिन्यांनी रक्त कसलं तपासतात, असं काकांनी विचारलं तेव्हा नवी पद्धत आहे म्हणालो. तेव्हापासून आपलंही रक्त तपासा म्हणून ते त्यांच्या डॉक्टरांशी भांडतायत.

मला वाटलं होतं, काढलं की संपलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, स्कॅनमध्ये कुठे पसरलेलं दिसत नाही. केमोचा एखादा डोस घ्या, नाहीतर नुसतं लक्ष ठेवू. मी लक्ष ठेवणं निवडलं. म्हणजे रक्त, स्कॅन, पुन्हा रक्त, अशी पाच वर्षं! सगळं ठीक आहे तर तपासायचं काय, असं मी तावातावाने विचारलं. "तुम्ही चालती लिफ्ट का तपासता?" बाईंनी विचारलं. (त्यांच्याच दवाखान्याची लिफ्ट माझ्याकडे आहे, हे मी विसरलो होतो.) मुकाट्याने पुढची तारीख लिहून घेतली. पण रिपोर्ट येईपर्यंत मी घरात सगळ्यांवर खेकसतो. भीती वाटते रे दादा. हिच्याशिवाय कुणाला सांगायची सोय नाही, कारण तू मला हर्निया लावून दिलायस.

वहिनींना नमस्कार. तुला फक्त राग, तो आहे तसा पोचावा.

तुझा,
धाकटा

ता. क. गाठ दुखत नव्हती, म्हणून मीही चार महिने लपवली होती. हिच्यापासूनसुद्धा. तेव्हा लाजेचा मक्ता तुझ्या एकट्याकडे नाही.

ता. क. दुसरा. सख्ख्या भावाला हा धोका इतरांपेक्षा जरा जास्त असतो, असं बाई म्हणाल्या. मागे फोनवर तू "खाली जरा जड जड वाटतं" म्हणालास आणि लगेच विषय बदललास, ते मी विसरलेलो नाही. शुक्रवारी सकाळी दहाची वेळ तुझ्या नावाने घेतली आहे. मी बाईंच्या दवाखान्याच्या दारात उभा असेन. घरी काय सांगायचं ते सांग, हर्निया चालेल. माझ्या तोंडून ब्र निघणार नाही.