मनगटावरचं अत्तर

प्रिय अब्बा,

सकाळपासून क्लासच्या चार बॅचेस शिकवून झाल्या. घसा बसलाय, पाय भरून आलेत आणि पाचव्या बॅचची पोरं बाहेर चपला काढून राहिलीत. पण काल अम्मीनं जे सांगितलं, ते डोक्यात ठेवून मला आज शिकवता येणार नाही. ते तुम्ही स्वतः का नाही सांगितलं?

तुम्हाला जाऊन दोन महिने झाले. काल आम्ही दोघी दुकानातल्या अत्तराच्या कुप्या आवरत होतो. मी सहज म्हणाले, अब्बांसारखं नाक अख्ख्या नांदेडात नव्हतं. अम्मीनं हातातलं फडकं खाली ठेवलं. "कैसी नाक गे? भूकंप के गाँवाँ से आए, तबीच गई वो. फिर कब्बी वास नईं आई उन्को."

भूकंप झाला तेव्हा मी आठ वर्षांची होते. दुकानात होता नव्हता तेवढा गुलाब, केवडा, कापूर पिशवीत भरून तुम्ही मोहल्ल्यातल्या माणसांबरोबर किल्लारीकडे गेलात. ढिगाऱ्यांखालचा वास सोसवेना म्हणून ते उपसणाऱ्यांच्या रुमालांवर अत्तर ओतत होतात, एवढंच आम्हाला माहीत. परत आलात आणि पहिल्याच जेवणाला म्हणालात, सालनाच्या रश्शाला चव नाही. अम्मीनं मीठ पुढे केलं.

आणि मग आपला खेळ सुरू झाला. मी त्याला खेळच समजत होते, अब्बा! शाळेतून आले की तुम्ही माझ्या मनगटावर थेंब लावायचे आणि विचारायचे, "बोल शब्बो, कैसा है?" नुसतं चांगलं म्हटलेलं तुम्हाला चालायचं नाही. कसं वाटतंय ते सांगावं लागायचं.

खस लावला की मी म्हणायचे, उन्हातून येऊन गार फरशीवर पालथं पडल्यासारखं. हिना म्हणजे थंडीत फुप्पीच्या शालीत शिरल्यासारखं. गुलाब लावला की वाटायचं, कुणीतरी काम काढून घ्यायला लाड करतंय. केवडा मला कधीच आवडला नाही. पाहुणे दारात आणि घर झाडायचं राहिलंय, अशी घालमेल व्हायची. तुम्ही हसायचे, दोन थेंब चंदन वाढवायचे आणि दुसरं मनगट मागायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, चाचांच्या हाताला गुण हाय. चाचा, म्हणजे तुम्ही, माझ्याकडे बघायचे.

दहावीला मार्क पडले आणि तुम्ही मला लातूरला क्लासला घातलं. गावोगावची हुशार पोरं तिकडेच जाऊन राहिली होती, मग आपली शब्बो मागे का? दर रविवारी तुम्ही बसनं यायचे. आधी डबा द्यायचे, मग खिशातून कुपी काढायचे. मला मैत्रिणींसमोर लाज वाटायची. डॉक्टर व्हायला आलेल्या पोरीचा बाप हॉस्टेलच्या फाटकात तिच्या मनगटाला अत्तर लावतोय! तुम्ही चार तासांचा प्रवास करून माझ्यासाठी येता असं मला वाटायचं, म्हणून त्या कुपीचा आणखीच राग यायचा.

बारावीच्या हिवाळ्यातला तो रविवार आठवतो? सोमवारी फिजिक्सची टेस्ट होती आणि सर्दीनं माझं नाक चोंदलं होतं. भोकरच्या लग्नासाठी तुम्ही नवीन हिना बनवला होता. मी मनगट नाकाजवळ नेलं, मला ढिम्म वास आला नाही. "अच्छा है," मी म्हणाले. तुम्ही दोनदा विचारलं, "पक्का?" मी चिडून म्हणाले, "पक्का. जाऊ का आता?"

त्या हिन्यातलं चंदन भेसळीचं होतं, हे मला काल कळलं. लग्नात अत्तराचे फाये वाटले आणि मांडवभर रॉकेलचा वास सुटला. "चाचा, सोयऱ्यांसमोर नाक कापलं हो आमचं," असं म्हणून ते लोक सगळ्या कुप्या परत ठेवून गेले. त्यानंतर तुम्ही स्वतः बनवलेलं अत्तर कधी विकलं नाही. मुंबईहून आलेल्या तयार बाटल्या नुसत्या मांडून बसलात. मी समजत होते, क्लासच्या पोरांना स्प्रे लागतात, जमाना बदलला, म्हणून तुम्ही कंटाळलात.

मला एका शब्दानं बोलला नाहीत. वास न येणाऱ्या अत्तरवाल्याकडे कोण येईल, म्हणून बाजारापासून लपवलंत, ते पटतं. पण माझ्यापासून? माझ्याच नाकावर दुकान चालवत होतात आणि मलाच पत्ता नाही, हे काय वागणं झालं? सांगितलं असतं तर मी नीट वागले असते का? खरं सांगू, ठाऊक नाही. सतरा वर्षांची होते आणि फार थकलेली होते. आजही तेच करते. पोरं वही पुढे करतात आणि मी न वाचता 'छान' लिहिते.

अम्मीनं काल एक छोटी कुपी दिली. गेल्या रमजानात तुम्ही बनवलेली. "शब्बोला विचारायचंय कसं झालंय," म्हणाला होतात म्हणे. मी ईदला आले, तासभर बसले आणि परीक्षेचे पेपर तपासायचे म्हणून उठले. तुम्ही काढलीच नाहीत ती.

आत्ता लावलीय. अब्बा, केवडा फार झालाय. चंदन पार दबलंय, हिना तर लागतच नाही. डोकं दुखायला लागलंय.

ही कुपी संपेपर्यंत मी दुसरं काही लावणार नाही, हे कबूल. कुणी नाक मुरडून विचारलं, काय लावलंय हे, तर सांगेन की माझ्या अब्बांनी बनवलंय. आणि बिघडलंय ते माझ्यामुळे, कारण विचारायला मी जवळ नव्हते.

तुमची,
शब्बो