एकाच खात्यातले दोघे

गुरुवार, दि. ११
वाचनालयातून नुकताच आलोय, चपला अजून पायातच

तीर्थरूप दादा,

शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सगळं ठीक. गुडघा त्याच्या मर्जीनं चालतो, मांजर माझ्या खुर्चीत बसतं आणि मी स्टुलावर. हे झालं नेहमीचं. आता तू नीट बस, चष्मा लाव, आणि पत्र छकुलीकडून वाचून घेऊ नकोस. तुझी लेक पन्नाशीची झाली तरी एकेक ओळ गाळून वाचते. स्वतः वाच.

अरे, मला आज क्लाउड कळला!

हसलास ना? हस. पण शाळेत पहिली कविता पाठ झाली होती तेव्हा मी घरापर्यंत पळत आलो होतो, तसा आज आलो. पळालो म्हणजे गुडघ्यानं जेवढं पळू दिलं तेवढं.

आमच्या वाचनालयात दर गुरुवारी ग्रंथपाल बाई आम्हा म्हाताऱ्यांना मोबाइल शिकवतात. पोरगी जेमतेम तिशीची, पण हातात खडू आला की आपल्या शाळेतल्या जुन्या बाईंसारखीच मान वाकडी करून बघते. वर्गात पोस्टमन आहेत, शिवणवाल्या काकू आहेत, आणि आमच्या वाचनालय समितीचे अध्यक्ष कंपाउंडर. आता निवृत्त आहेत, पण अजून कोणी खोकलं की जीभ दाखवायला सांगतात.

बाई म्हणाल्या, "फोटो तुमच्या फोनमध्येही असतो आणि क्लाउडमध्येही."

पोस्टमन लगेच उठले. "एकच वस्तू दोन पत्त्यांवर? जन्मभर टपाल वाटलं, असं कधी झालं नाही बुवा."

काकू म्हणाल्या, "म्हणजे माझी नातवंडं वर ढगात?"

"ढगात नाही हो काकू. लांब कुठेतरी मोठ्या खोल्या असतात, त्यात यंत्रं असतात. तिथे साठवलेलं असतं."

"मग तिथे झाडलोट कोण करतं?"

"आणि किल्ली कोणाकडे असते?" कंपाउंडर.

"तुमच्याकडेच. पासवर्ड."

"गेलं मग सगळं," कंपाउंडर म्हणाले आणि खुर्चीत मागे रेलले.

बाई बिचारी पुन्हा पुन्हा सांगत होती. फळ्यावर कपाट काढलं, तारा काढल्या, बाण काढले. आमचे चेहरे कोरे ते कोरेच. आणि दादा, खिडकीतून ऊन येत होतं, खडूची धूळ त्यात तरंगत होती. माझं मन नेहमीसारखं निघालं फिरायला, थेट आपल्या शाळेत. आठवतं, एकदा शाळेचं छप्पर गळलं आणि सगळ्यांची कवितेची पुस्तकं भिजून लगदा झाली? बाईंनी आम्हाला उभं केलं, "म्हणा." आणि अख्ख्या वर्गानं नदीची ती लांबलचक कविता म्हटली. एक ओळ मी विसरलो तर मागच्या बाकावरून आली. पुस्तक नव्हतं, पण कविता होतीच. कुठल्याही बाकावर हात घाल, तीच कविता.

मी ताडकन उभा राहिलो आणि म्हणालो, "बाई, क्लाउड म्हणजे पाठांतर! आपला फोन म्हणजे पुस्तक. ते भिजलं, हरवलं, फाटलं तरी चालेल. कविता दुसरीकडे कोणीतरी पाठ केलेली आहे. नवा फोन घ्यायचा, आपलं नाव सांगायचं, की ती पुन्हा म्हणून दाखवते!"

काकूंनी टाळ्या वाजवल्या. पोस्टमन म्हणाले, "आता कळलं. हे आधी का नाही सांगितलंत?" जसं काही मीच लपवून ठेवलं होतं.

बाईही खूश झाल्या. मग म्हणाल्या, "आजोबा, तुमचंच उदाहरण पुढे नेते. तुमच्या बाईंनी कवितेतली एक ओळ गाळली, तर सगळा वर्ग ती गाळूनच म्हणायचा ना? तसंच हे. एका खात्यातला फोटो तुम्ही पुसलात, की ते खातं जिथे जिथे उघडलंय तिथून तो जातो."

दादा, इथे मी खाली बसलो.

तुझ्या फोनमधून मध्यंतरी काही फोटो गायब झाले का रे? झाले असतील. भुताटकी नाही, तुझा फोनही बिघडला नाही. चोर मी आहे. छकुलीनं आपल्या दोघांचे फोन एकाच दुकानातून आणले, आठवतं? "दोन म्हाताऱ्यांचे दोन पासवर्ड कुणी लक्षात ठेवायचे," म्हणून तिनं दोन्ही फोन एकाच खात्यावर लावून दिले. तेव्हापासून तुझे फोटो माझ्याकडे येत होते. मला काय माहीत! काळ्या लाकडावर खडूच्या रेघा, वाकड्यातिकड्या. रोज एक दोन. मला वाटलं माझ्या फोनला काहीतरी झालंय. मी रोज सकाळी ते पुसायचो, टेबल पुसावं तसे. पुढे ते यायचेच बंद झाले. मला वाटलं, फोन बरा झाला!

वर्ग संपल्यावर बाईंना कोपऱ्यात नेऊन विचारलं. त्या म्हणाल्या, पुसलेले फोटो काही आठवडे एका पेटीत राखून ठेवतात. पेटी उघडली, सगळे होते! एकेकावर बोट ठेवलं आणि सगळे परत आणले. आता तुझ्याही फोनवर आले असतील. त्यात काय होतं ते मी काही नीट पाहिलं नाही.

चहा करून आलो. मांजरानं तेवढ्यात या कागदावर पाय दिला, तो डाग त्याचा.

वर लिहिलंय की नीट पाहिलं नाही. ते खोटं आहे. बोटांनी मोठे करकरून पाहिले. पहिल्याच फोटोत कडेला तुझा ब्रशांचा निळा डबा दिसला, तार गुंडाळलेल्या मुठीचा, आणि मग कसला पाहायचा थांबतोय. ते लाकूड म्हणजे तुझ्या स्वयंपाकघराचं मागचं दार. पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवताना तू हातात आरसा धरून, पाठमोरा उभा राहून ओळ सरळ आहे का ते बघायचास. आता फोटो काढून बघतोस, बरोबर? आणि त्या दारावर पुन्हा पुन्हा एकच शब्द. वाचनालय.

दादा, तुझा काना थरथरतोय.

ज्याच्या कान्यावर गवंड्यांनी ओळंबा तपासून घ्यावा असं सगळी पेठ म्हणायची, त्याचा काना. वरून सरळ निघतो आणि मध्यावर पाण्यातल्या काठीसारखा मोडतो. मग खाली पुन्हा एक. पुन्हा एक. शेवटच्या फोटोत तर नुसते कानेच आहेत, सगळं दार भरून.

मी काय समजून बसलो होतो सांगू? आमच्या वाचनालयाच्या पाटीचा रंग उडाला म्हणून समितीनं ती तुला पुन्हा रंगवायला सांगितली. तू छकुलीकडून निरोप धाडलास, "छापील लावा." मला वाटलं, टोमणा मारलास. पुढे माझ्या पत्रांना उत्तर नाही. मला वाटलं, रुसलास. फोन केला तर "बरं, बरं" म्हणून फोन लेकीच्या हातात. मग मीही लिहिणं सोडलं. तू थोरला असलास तरी हट्टात मी कुठे धाकटा आहे! तुला पेन धरवत नसेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तुझं अक्षर माझ्या मनात सत्तर वर्षं सरळच उभं आहे ना.

आणि आता मला रडवणारी गोष्ट. पाटीचा फोटो मी छापखान्यात दाखवायला काढला होता. तो तुझ्याकडेही गेला असणार. बाईंनी मला फोटोची तारीख कशी बघायची ते दाखवलं. माझा फोटो सोमवारचा आहे आणि तुझा दारावरचा पहिला 'वा' मंगळवारचा. म्हणजे तू आपली पाटी पाहिलीस आणि दुसऱ्या दिवशी खडू उचललास. टोमणा कसला आणि रुसवा कसला! तू तयारी करत होतास.

आणि मी रोज पुसत होतो.

तुला काय वाटलं असेल, ते मला लिहवत नाही. माझा फोटो तुला दिसला, तसे तुझेही मला दिसत असणार, हे तू ताडलं असशील. मी लहान असताना ओला फडका घेऊन तुझ्या मागे उभा असायचो. तुला अक्षर पटलं नाही की तू म्हणायचास, "पूस रे." तू म्हटल्याशिवाय मी एक टिंबसुद्धा कधी पुसलं नाही. या वेळी तू "पूस" म्हणाला नव्हतास, दादा. मला माहीत नव्हतं रे. एवढंच खरं आहे, आणि एवढं तुला कळावं म्हणून चपला न काढता लिहायला बसलो.

येताना कंपाउंडरांना गाठलं आणि सांगितलं, पाटी छापायची नाही, दादा रंगवेल.

ते म्हणाले, "अहो, पण अक्षरं थरथरली तर?"

म्हटलं, "थरथरू देत. वाचणारे तरी कुठे ताठ येतात?"

खूप हसले. मग हळूच म्हणाले, हाताचा कंप काही वेळा औषधानं बराच आवरतो, अंगावर काढू नका, आधी दाखवा. तर आधी दाखवू. छकुलीला मी सांगणार नाही, तूच सांग. औषधानं आवरला तर उत्तम. नाही आवरला, तर ब्रश तू धर, तुझं मनगट मी धरतो. लहानपणी पाटीवर माझा हात धरून तू मला अक्षरं गिरवायला शिकवलंस, त्याची परतफेड म्हण, नाहीतर नुसता म्हातारचळ म्हण.

रविवारी सकाळच्या गाडीनं येतोय. पत्राचं उत्तर लिहू नकोस. दारावर एक काना काढ, कसाही, आणि फोटो काढ. लगेच इथे येईल. मी समजेन की ये म्हणालास. यापुढे फोनमधलं काहीही पुसायच्या आधी मी तुला विचारीन.

दोरी शोधून ठेव, ती खडूत घोळवलेली. आधी सरळ रेघ मारून घेऊ, बाकीचं पुढे बघू. तू एकटा ती कशी मारत होतास कुणास ठाऊक. तिला दोन माणसं लागतात.

दोरीचं दुसरं टोक धरणारा,
तुझा धाकटा