तू मशीन काढून ठेवलंस तेव्हा

माय, तुला जाऊन बारा वर्षं झाली आणि तुझ्याशी भांडायची माझी खोड अजून गेली नाही. स्वयंपाक करताना, रिक्षात बसल्यावर, मनातल्या मनात सुरूच असतं. आज मात्र भांडायला बसले नाही.

दर रविवारी सकाळी मी इथं हर्सूलला आपल्या विहाराच्या हॉलमध्ये असते. ज्यांना कमी ऐकू येतं ती माणसं येतात. आम्ही चार-पाच बायका त्यांची कानाची मशीनं पुसतो, नळीत अडकलेला मळ काढतो, सेल बदलतो, सरकारी फॉर्म भरून देतो. घरच्यांनाही समोर बसवतो आणि सांगतो की बाबांनो, पाठमोरं बोलू नका, ओरडू नका, सावकाश बोला. मला हे तेव्हा कोण सांगणार होतं? वैजापूरच्या कापूस जिनिंगच्या खडखडाटात वीस वर्षं काढून तू माझ्याकडं राहायला आलीस, तेव्हा तुझे दोन्ही कान गेलेले होते आणि माझं तोंड आधीच मोठं.

तुझं मशीन मिळवायला मी किती खेटे घातले ते तुला पाठ होतं, कारण मी ते रोज ऐकवत होते. पहिल्या दिवशी तू स्वयंपाकघरात माझ्याजवळ उभी आहेस, मी फोडणी टाकते आणि तू दचकून मागं सरकतेस. "अगं बया, फोडणी एवढी वरडती व्हय?" म्हणतेस आणि तोंडाला पदर लावून हसतेस. मग दिवसभर तू घरभर हिंडलीस. नळ, झाडू, डब्यांची झाकणं, सगळं एकदा वाजवून बघितलंस. मी कामाला निघाले तर म्हणालीस, "तुझ्या बांगड्या वाजत्यात की." मला लई बरं वाटलं होतं, माय. तुला सांगितलं नाही.

तीन आठवडे हे चाललं. मग एके दिवशी तू ते रुमालात गुंडाळून कपाटात ठेवलंस. "नुसती खरखर येती. नको मला." मी दोनदा तपासायला नेलं, दोन्ही वेळा मशीन ठणठणीत निघालं. येताना रिक्षात मी तुझ्यावर भडकले, माझ्या धावपळीची तुला किंमत नाय म्हणाले, आणि तू रस्त्याकडं बघत बसलीस. मरेपर्यंत तू ते पुन्हा कानाला लावलं नाहीस. मी लोकांना सांगत राहिले की आमची माय हट्टी होती.

काल सोयगावहून एक आजी आल्या, सुनेबरोबर. "खरखर येते म्हणून लावतच नाहीत," सून म्हणाली. मी तपासायच्या नळीनं ऐकून बघितलं, आवाज स्वच्छ होता. सुनेला नोंद करायला बाहेरच्या टेबलाकडं पाठवलं, मशीन आजींच्या कानात बसवलं आणि विचारलं, "आजी, खरखर नाय ना?" त्यांनी आधी दाराकडं बघितलं.

"नाय बाई. चांगलं ऐकू येतंय, तेच तर. घरात सगळे माझ्यापुढंच माझं बोलत बसतात. म्हातारीचं किती करायचं, म्हणतात. आधी कळत नव्हतं ते बरं होतं."

मग सुनेला आत बोलावलं आणि माझ्या नेहमीच्या तोंडानं सांगितलं, "तुमच्या सासूबाईंना सगळं ऐकू येतं. तुम्ही मशीन आणलं, पण त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल बोलायची सवय तशीच ठेवली." वाटलं, आता ही बाई माझ्यावर उखडणार. तिनं खुर्ची ओढली, सासूच्या समोर बसली आणि म्हणाली, "आत्या, मी बोलले होते. चुकलं माझं."

"व्हय. ऐकलं मी," म्हातारी म्हणाली. मशीन काही तिनं कानातून काढलं नाही.

तुला वाचता येत नव्हतं, कुणाचं पत्र आलं की मीच तुला वाचून दाखवायचे. हे मला तुझ्यासमोर वाचता आलं नसतं, म्हणून लिहिते आणि घडी करून ठेवून देते. मशीन रुमालात गुंडाळून ठेवलंस त्याच्या आदल्या दुपारी तू खिडकीपाशी ज्वारी निवडत होतीस. मी फोनवर दादाला म्हणाले, "आता तू ने तिला, माझ्याच्यानं होत नाय." सुपातला तुझा हात थांबला. त्यावर मी आणखी म्हणाले, "भिंतीशी बोलल्यासारखं झालंय." इतकी वर्षं मी स्वतःला समजावत आले की तुझ्या कानात मशीन आहे हे मी विसरले होते, जुन्या सवयीनं बोलून गेले. तसं नव्हतं, माय. तुझा हात थांबलेला मी बघितला होता. तुला ऐकू येतंय हे मला कळलं होतं, आणि तरी मी पुढचं बोलले.